डावी कूस

हनुवटीखालून घेतलेली पट्टी डोक्यावर आणून मावशीनं गाठ मारली, टोकं आत खोचली, एक पाऊल मागे सरून काम नीट झालंय का ते पाहिलं, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की हा आपला नवरा आहे.

तोवर सगळं आटोपलं होतं. पापण्या मिटल्या होत्या. नाकपुड्यांत कापूस गेला होता. गुडघे सरळ, हात सरळ, पायांचे अंगठे चिंधीनं एकमेकांना बांधलेले, चादर छातीपर्यंत ओढलेली. इस्पितळाच्या शवागारात ती अर्धं आयुष्य हेच करत आली होती. आज पहाटे, डोळ्यांवर झोप असताना, तिच्या हातांनी तिला न विचारता तेच घरी उरकलं. नवरा भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर होता. "अहो, उठा, नळ जाईल," असं म्हणून तिनं खांद्याला हात लावला. हाताला कळलं. पुढचं हातांनीच केलं.

ती खाटेच्या कडेला टेकली. खाट त्यानंच केलेली होती, दुकानात उरलेल्या पाइपांची. वेल्डर होता तो. रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. रडू आलं नाही. आठवला तो एक आवाज. त्याला कुशीवरून पाठीवर घेतलं तेव्हा त्याच्या तोंडातून "हं" असं काहीतरी निघालं होतं. लांब, ओलसर. दमलेला माणूस खुर्चीत बसताना सोडतो तसं.

आणि ते ऐकून तिच्या मनात आलं होतं ते नेहमीचंच. वारा आहे.

मेलेल्या माणसाच्या छातीत वारा राहतो. त्याला उलटापालटा केलं की तो निघतो, कधी घशातून आवाज करत निघतो. नवीन लागलेले कामगार ट्रॉली सोडून पळतात. नातेवाईक तर विचारूच नका. एकदा एका पोराची आई मावशीच्या पायांना मिठी मारून बसली होती. "श्वास घेतला हो त्यानं, मी ऐकला." मावशी म्हणाली होती, "घेतला नाही बाई, सोडला. भाता दाबला की वारा निघतो. त्यात माणूस नसतो." ती बाई जन्माचा वैरी पाहावा तशी तिच्याकडे पाहत राहिली. मावशीनं त्या दिवशी जेवण टाकलं वगैरे काही नाही. जेवली. असल्या कामात जेवण टाकायला लागलं तर माणूस आठवड्याभरात स्वतःच त्या ट्रॉलीवर येईल.

पण आज तो वारा तिच्या कानातून निघेना.

तिनं घाईनं कापूस उपसला. नाकासमोर तळवा धरला. छातीवर कान ठेवला. काही नाही. मनगट धरलं आणि तिच्या लक्षात आलं की नाडी नक्की कुठे बघतात तेसुद्धा आपल्याला धड ठाऊक नाही. कसं असेल? खाली शवागारात येणारा माणूस वरच्या वॉर्डातून तपासून येतो. तो मेलाय हे कुणीतरी शिकलेल्यानं आधीच ठरवलेलं असतं, तसा कागद अंगावर असतो. मावशीनं आयुष्यात एकाही माणसाची नाडी पाहिली नव्हती. ते तिचं कामच नव्हतं. तिचं काम त्याच्या पुढचं. आज तिच्या हातांनी वरचं काम झालंय असं धरलं आणि खालचं सुरू केलं.

आत्ता तो मेलेला होता, यात शंका नाही. पण मघाशी? कापूस घालताना? जबडा आवळताना?

शवागारात तिला काम शिकवणारा तात्या नावाचा म्हातारा दारू चढली की सांगायचा, खाली पाठवलेल्या एका बाईनं तोंडावरची चादर ओढली होती, मी या डोळ्यांनी पाहिलंय. उतरली की म्हणायचा, छे, मी असं कधी म्हणालो? मावशीनं ती गोष्ट कधी खरी धरली नव्हती. धरून भागलंच नसतं.

गल्लीतला डॉक्टर आला तेव्हा उजाडलं होतं. बिचारा रात्रभर कुठे कुठे फिरून आलेला, डोळे लाल. त्यानं नळी लावली, पापणी उचलून बॅटरी मारली, मान हलवली.

"गेले. केव्हा म्हणायचं?"

"तुम्ही सांगा."

"मावशी, तुम्ही मला विचारता?" तो थकल्यासारखं हसला. "अंग अजून कोमट आहे. पण पांघरूण होतं ना अंगावर? मग त्यावरून काय सांगणार. पहाटे लिहितो."

"डॉक्टर, मी यांना पाठीवर घेतलं तेव्हा आवाज आला."

"येतोच की. तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग?"

मग काही नाही. जिला माहीत असतं तिला कुणी काही सांगत नाही. त्यानं सही केली, खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि गेला. कापूस मावशीनं परत घातला. या खेपेला घालण्याआधी तिनं पुन्हा एकदा नाकासमोर तळवा धरला.

नणंद आणि दीर आले. नणंद दारातूनच रडत आली. भावाहून वयानं मोठी, त्याला कडेवर खेळवलेली, तिचा तो हक्कच. या घरात तिनं वर्षानुवर्षं पाण्याचा घोट घेतला नव्हता. "तिचे हात कुठे कुठे असतात, आम्हाला नाही बाई जमत," हे ती मावशीला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात म्हणायची. यावर वेल्डरचं उत्तर ठरलेलं होतं. "ताई, तिच्या हाताखाली मी जिवंतपणी निमूट पडलोय, मेल्यावरही निमूट पडेन. तुला काय त्रास?" आता तो निमूट पडला होता.

भावाकडे पाहून झाल्यावर नणंदेनं मावशीकडे पाहिलं. "सगळं करून मोकळी झालीस? आम्ही यायची वाट नाही बघितलीस?"

"सवयीनं झालं, ताई."

"सवयीनं. नवरा मेला आणि ही म्हणते सवयीनं. डोळ्यांत टिपूस नाही. बरोबर आहे, तुला काय, रोजचंच."

 मावशीचं लक्ष चादरीवर होतं. रडणाऱ्या, बोलणाऱ्या, फोन करणाऱ्या माणसांच्या मधे उभं राहून ती एकच हिशेब करत होती.

माणूस मेला की रक्त थांबतं, आणि थांबलेलं रक्त खाली बसतं. बादलीतलं गढूळ पाणी ठेवून द्यावं आणि गाळ तळाला जावा, तसं. ज्या अंगावर माणूस पडलेला असतो त्या अंगाला जांभळट डाग धरतो. लगेच नाही, हळूहळू. लवकर उलथवला तर डाग नव्या तळाकडे निघून जातो, मागमूस राहत नाही. पण बराच वेळ तसाच पडून राहिलेला असेल तर थोडा तरी जुन्या जागीच राहतो, कितीही उलथवा. मावशीला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. रस्त्याकडेला पालथे पडून मेलेले दारुडे पाहून पाहून तिला ते ठाऊक झालं होतं.

म्हणजे डाव्या कुशीला डाग असेल, तर तो आधीच, कधीचाच गेलेला होता. मग ते "हं" म्हणजे वारा. मग आपण मेलेल्याच्याच नाकात कापूस घातला, नेहमीसारखा. आणि डाग नसेल तर? तर मग कुणी कितीही समजावलं, तरी जन्मभर तो आवाज आहेच.

तोंडावरून कळण्यासारखं नव्हतं. वेल्डिंगच्या झळीनं त्याचा चेहरा, मान, हात भाजून काळेठिक्कर झाले होते, तिथं कसला डाग दिसतोय. अंग मात्र सदऱ्याखाली उजळ. तिथंच दिसलं असतं. आणि सदरा गळ्यापर्यंत बटणं लावलेला होता. खोकल्यामुळं तो झोपतानाही छाती उघडी ठेवत नसे.

दीर फोन बंद करून आला. "वहिनी, गाडी लवकरच मिळतेय. उगाच ताटकळत ठेवायला नको. तोंड, हातपाय पुसून घेऊ, वरून नवा सदरा घालू, झालं."

"अंघोळ घालायची आहे."

"आता कुठे अंघोळ? माणसं खोळंबलीत."

"सदरा काढून अंघोळ घालायची. मी घालणार."

"वहिनी, तुम्ही नका. आम्ही पुरुष माणसं आहोत ना. बाईनं हे करणं बरं दिसत नाही."

"मेलेल्याला बरं दिसतं करायचं काम माझंच आहे, भाऊजी. सरका."

एवढं बोलताना तिचा आवाज चढला नाही. दिराला वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय. दुःखानं डोकं फिरलेल्या बाईचं ऐकावं लागतं, म्हणून त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. नणंद तेवढी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "माझा भाऊ आहे. मी हलणार नाही."

"मग पाणी ओता," मावशी म्हणाली.

तिनं बटणं काढली. अंग आता पुरतं ताठलं होतं, शवागाराच्या भाषेत लाकूड झालं होतं. आधी जबडा आणि मान ताठतात, मग हात, मग पाय. एरवी ती असल्या वेळी सदरा सरळ कातरीनं कापते. आजही कापला. उभा फाडून दोन्हीकडे केला. ठिणग्यांनी पडलेले बारके डाग छातीवर तसेच होते, लग्नाआधीचे, लग्नानंतरचे. तिनं ओलं फडकं फिरवलं. समोरून अंग मेणासारखं पांढुरकं. पोट, खांदे, सगळं पुसून झालं. डावी कूस तेवढी राहिली.

तिचा हात थांबला. फडक्यातलं पाणी खाटेखाली ठिबकत राहिलं.

"काय झालं?" नणंद म्हणाली.

"तुम्ही धरता का? एका अंगावर घ्यायचंय."

नणंदेनं घाबरत घाबरत खांद्याला हात घातला, मावशीनं कमरेला, आणि त्याला अख्खाच्या अख्खा, दार उचलावं तसा, उजवीकडे कलता केला.

पाठ गडद जांभळी होती. ती असणारच. मावशीची नजर कडेनं वर आली. काखेपासून कमरेच्या हाडापर्यंत डाव्या बरगड्यांवर एक फिकट जांभळा पट्टा होता. पाठीपेक्षा फिकट, पण होता. तिनं अंगठा दाबला. डाग हलला नाही.

मावशीनं डोळे मिटले. वारा होता तो. वाराच होता. पहाटेपासून छातीवर बसलेलं कायसं उठलं, आणि तिला एकदम इतका थकवा आला की ती तिथंच, ओल्या फरशीवर, आडवी झाली असती.

"अगं बाई," नणंद पुटपुटली. "हे काय? कुणी मारलंय याला?"

"नाही."

"काळंनिळं झालंय सगळं. खरं सांग. काय केलंस तू?"

"रक्त बसतं, ताई. मेल्यावर सगळ्यांचं बसतं. ज्या कुशीला असतो त्या कुशीला. तुमचं बसेल, माझं बसेल."

"आणि हे?"

नणंदेचं बोट जिथं होतं तिथं मावशीनं पाहिलं. जांभळ्या पट्ट्याच्या मधोमध चार पांढऱ्या रेघा होत्या. जाड, एकमेकींलगत, जराशा तिरक्या. जिथं दाब असतो तिथं रक्त उतरत नाही, तेवढा भाग पांढरा राहतो. चादरीची सुरकुती उमटते, बटण उमटतं, पट्ट्याचं बक्कल उमटतं. मावशीनं हे सगळं उमटलेलं पाहिलं होतं. ही बोटं होती. त्याची स्वतःची, उजव्या हाताची. बरगडी घट्ट धरून तो त्याच हातावर झोपला होता, आणि तसाच गेला होता. पहाटे तिनं तो हात अंगाखालून ओढून सरळ केला होता. कुठून ओढला, ते पाहिलंही नव्हतं.

"धरून ठेवलं होतं त्यानं," नणंद हळूच म्हणाली. ती काही अडाणी नव्हती. "दुखत असणार."

"हो."

"म्हणजे कधी गेला तो?"

"रात्रीच. मी उठायच्या कितीतरी आधी."

"आणि तू?"

"मी झोपले होते."



"खोकायचे रोज," मावशी म्हणाली. कुणाला सांगतेय ते तिलाही ठाऊक नसावं. "पहिली काही वर्षं मी उठायची. पाणी द्यायची, पाठ चोळायची. मग ड्यूटी वाढली. दिवसभर माणसं उचलायची आणि रात्री यांचा खोकला. मग मी झोपायला शिकले. शेजारी खोकला चालू असताना कशी झोप लागते लोकांना, असं वाटतं ना? लागते. शिकता येतं ते. काल खोकले का, हाक मारली का, मला काही ठाऊक नाही."

दोघी त्याला तसाच कलता धरून उभ्या होत्या. बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"तुला उठवलं नसेल त्यानं," नणंद शेवटी म्हणाली. "लहानपणी ताप चढला तरी मला उठवायचा नाही. गाढव होता." तिनं नाक पुसलं. "पण उठवलं असेल, तर मात्र तू आणि तो बघून घ्या. मी मधे पडणार नाही."

हे सांत्वन होतं की शाप, ते मावशीनं ठरवायचा प्रयत्न केला नाही. तिनं फडकं पिळलं आणि त्या पट्ट्यावरून, त्या चार रेघांवरून, एकेक करून फिरवलं. पाण्यानं काही जाणार नव्हतं.

त्याला परत पाठीवर घेतला, कोरडा केला. नवा सदरा घालायची वेळ आली तेव्हा दीर दार ढकलून आत डोकावला. "गाडी निघालीय. हात वळत नसतील तर सदरा मागून कापा की, वहिनी. कुणाला दिसतंय."

"जुना कापला. नवा कापायचा नाही."

"अहो पण–"

"दार लावा."

ताठलेला हात वळवायचा तर घाई चालत नाही. जोर लावला तर हाड बोलतं, आणि शवागारात जोरच लावतात, कारण ट्रॉल्या रांगेत असतात. मावशीनं त्याचं उजवं कोपर दोन्ही हातांत घेतलं. चोळलं. जरा वाकवलं, सोडलं, परत जरा वाकवलं. खांद्यापाशी अंगठ्यानं दाबत राहिली. गंज चढलेली लोखंडी बिजागरी तेल घालून पुढेमागे करतात तसं. कित्येक वर्षांत तिनं त्याचा हात इतका वेळ धरला नव्हता. तळव्याला घट्टे होते, नखांत काळं. हळूहळू कोपर दिलं, मग खांदा. एकदा असा मोकळा केलेला सांधा परत ताठत नाही. बाकी अंग लाकूड आणि हा एक हात सैल, झोपलेल्या माणसाचा असावा तसा. तिनं एक बाही ताठ डाव्या हातावर चढवली, दुसरीत हा सैल हात घातला, बटणं लावली. गळ्यापर्यंत.

मग लेक आली. लांबच्या गावी दिलेली, पहिल्या गाडीनं निघालेली. ती आत आली, बापाच्या पायांवर पडली, रडून रडून उचक्या लागल्या. नणंदेनं तिला उठवून जवळ घेतलं. लेकीनं तोंड वर केलं आणि जे अख्खं जग मावशीला खालच्या मजल्यावर विचारत आलं होतं तेच विचारलं.

"आई, त्रास नाही ना झाला बाबांना?"

नणंद मावशीकडे पाहत होती. तिनं तोंड उघडलं असतं तर मावशीनं अडवलं नसतं.

"झोपेत गेले," मावशी म्हणाली.

"तू होतीस ना जवळ?"

"होते. शेजारीच होते."

नणंदेनं पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि खिडकीकडे वळली.  थोड्या वेळानं ती स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि उभ्या उभ्या प्यायली.

उजवा हात, तो सैल केलेला, खाटेच्या कडेवरून घसरून खाली लोंबला. मावशीनं उचलून छातीवर ठेवला. लेक परत रडायला लागली. हात परत घसरला. मावशी फरशीवर बसली आणि तो मनगटाशी धरून तिनं छातीवर टेकवून ठेवला. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या. त्यांना ते दृश्य बरं वाटलं असावं, कारण त्या कुजबुजायच्या थांबल्या.

बाहेर गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली. दीर वाकून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, सोडा आता."

"नाही सोडत," मावशी म्हणाली. "मी सोडला की पडतो तो."

त्यांनी वेल्डरला खाटेवरून उचललं. मावशी हात धरून उठली, आणि दारातून वळताना तो कुठे आपटू नये म्हणून आपला तळवा मधे घालून, त्याच्या बाजूनं, आडवं आडवं चालत बाहेर गेली.